खुब्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं: फिजिओ करूनही वाढतंय, व्यायाम चुकताहेत का?

ओसरी

आईसाठी विचारतोय. वय ५६, वजन ७१ किलो, उंची १५५ सेंमी. मधुमेह आहे, गोळ्या चालू, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.१. पाच महिन्यांपासून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. बोट ठेवून जागा दाखवता येते: मांडीचं हाड वर जिथे बाजूला टेंगळासारखं हाताला लागतं, बरोब्बर तिथे. तिथून ठणका मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या थोडा वर येऊन थांबतो. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. उजव्या कुशीवर झोपताच येत नाही आणि डाव्या कुशीवर झोपलं तरी पहाटे उजवाच खुबा दुखून जाग येते. अर्धा तास बसून उठलं की पहिली आठ-दहा पावलं लंगडत. जिना चढताना दुखतं, सपाटीवर पंधरा मिनिटं चालता येतं.

एक्स-रेमध्ये सांध्यातली फट नीट आहे. एमआरआयमध्ये ग्लुटिअस मीडिअस (खुब्याच्या बाजूचा स्नायू) टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, टेंडिनोसिस (झीज), छोटासा पार्शल टिअर (अर्धवट फाटणं) आणि बर्सात (टेंडनजवळची पातळ पिशवी) किंचित पाणी असं लिहिलंय. कंबरेच्या मणक्यात वयानुसार झीज, नस दबलेली नाही.

आतापर्यंत शेक, आयएफटी (सौम्य विजेचा उपचार) आणि अल्ट्रासाउंडचे (ध्वनिलहरींचा शेक) दहा सिटिंग झाले. घरी करायला कागद दिलाय, त्यावर चार व्यायाम: कुशीवर झोपून क्लॅमशेल (गुडघे वाकवून, वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडणं) २० वेळा, कुशीवरूनच पाय सरळ वर उचलणं २० वेळा, आयटी बँडचं स्ट्रेचिंग (उभं राहून दुखरा पाय दुसऱ्याच्या मागून पलीकडे नेणं) आणि पिरिफॉर्मिसचं, म्हणजे नितंबातल्या खोल स्नायूचं, स्ट्रेचिंग (गुडघा धरून विरुद्ध खांद्याकडे ओढणं). तीन आठवडे नेमाने केले, रात्रीचं दुखणं वाढलं. आता स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय.

प्रश्न तीन. हेच व्यायाम रेटत राहायचे की बदलायचे? इंजेक्शन घ्यावं का? झोपायचं कसं?

खडीसाखर

रिपोर्ट आणि लक्षणं एकमेकांशी जुळताहेत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येईल. ऑर्थो फिजिओथेरपी हे माझं रोजचं काम आहे, तरी आईंना प्रत्यक्ष तपासणाऱ्याचा शब्द माझ्यापेक्षा वरचा धरा.

या दुखण्याला पूर्वी सरसकट 'ट्रोकँटरिक बर्सायटिस', म्हणजे त्या टेंगळावरच्या बर्साची सूज, म्हणत. आता ग्लुटिअल टेंडिनोपॅथी, म्हणजे टेंडनचं दुखणं, म्हणतात, कारण सोनोग्राफी-एमआरआयमध्ये बहुतेकांची मुख्य बिघाडाची जागा टेंडन असते आणि बर्साचं पाणी सोबतीला असतं किंवा नसतंच. हा शब्दांचा खेळ नाही. सूज समजलं की शेक आणि आराम सुचतो. टेंडन समजलं की दोन कामं समोर येतात: त्याच्यावरचा दाब काढणं आणि त्याला हळूहळू वजन पेलायला शिकवणं. कागदावरच्या चार व्यायामांत पहिलं काम उलटं होतंय.

हाडाच्या त्या टेंगळावर ग्लुटिअसचे टेंडन येऊन चिकटतात आणि त्यांच्यावरून आयटी बँडचा जाड पट्टा खाली गुडघ्याकडे जातो. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा तिच्या पलीकडे गेला की हा पट्टा ताणला जातो आणि टेंडन पट्टा व हाड यांच्यामध्ये चेपलं जातं. विहिरीच्या काठावर दाबून घासणारा दोर जसा तिथेच झिजतो, तसं. आता कागद पुन्हा वाचा. आयटी बँडचं स्ट्रेचिंग म्हणजे पाय मुद्दाम पलीकडे नेणं. पिरिफॉर्मिसचं स्ट्रेचिंग म्हणजे खुबा वाकवून तेच. दोन्ही आजपासून बंद. ताण बसल्यावर पाच मिनिटं बरं वाटतं आणि बिल रात्री येतं, म्हणून लोकांना ही चूक कळत नाही. फोम रोलर किंवा लाटणं त्या हाडावर फिरवणंही नको.

व्यायामाइतकंच दिवसभराचं वागणं महत्त्वाचं. यात लक्ष द्यायच्या गोष्टी घरातल्याच आहेत. ओट्यापाशी एका पायावर भार टाकून, खुबा बाहेर काढून उभं राहायची सवय बहुतेक बायकांना असते. दोन्ही पायांवर सारखा भार, पावलांत वीतभर अंतर. खुर्चीत पायावर पाय टाकायचा नाही, गुडघे जुळवूनही बसायचं नाही. खोल रुतणारा सोफा टाळा, बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर हवा, लागली तर खुर्चीवर घडी घातलेली चादर ठेवा. स्कूटरवर मागे एका बाजूला पाय टाकून बसणं बंद. नातवंड असेल तर कडेवर घेणं बंद, कारण कडेवर घेताना खुबा बाहेर ढकलूनच मुलाला बैठक मिळते. पिशवी दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची. उलट वाटेल, पण डाव्या हातातलं ओझं उजव्या खुब्याच्या स्नायूंना जास्त राबवतं.

झोप. उताणं झोपून गुडघ्यांखाली उशी, ही सगळ्यात चांगली स्थिती. कुशीवरच झोप लागत असेल तर डाव्या कुशीवर, पण दोन पायांमध्ये उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचली पाहिजे. डाव्या कुशीवर झोपूनही पहाटे दुखतं याचं कारण हेच: वरचा उजवा पाय पुढे गादीवर घसरतो आणि रात्रभर टेंडन चेपलेलं राहतं. एक पातळ उशी दबून जाते. दोन घ्या, किंवा ब्लँकेटची घट्ट गुंडाळी करा, म्हणजे वरची मांडी गादीला समांतर राहील. जुनी कडक कापसाची गादी असेल तर तिच्यावर दोन पदरी गोधडी किंवा दोन इंची फोम टाका. एवढ्याने पहिल्या आठ-दहा दिवसांतच रात्रीत फरक पडायला हवा, आणि तसा पडला तर रोगाचं नाव बरोबर आहे याची तीही एक खूण.

आता व्यायाम.

पहिले दोन आठवडे. उताणं झोपून गुडघ्यांखाली उशी, पाय खुब्याइतके रुंद. गुडघ्यांच्या वर मांड्यांभोवती जुन्या ओढणीचा किंवा पट्ट्याचा फास, सैल नाही आणि आवळूनही नाही. दोन्ही मांड्या हळू बाहेर ढकलायच्या, पाय हलू न देता. जोर पूर्ण ताकदीच्या चौथ्या हिश्श्याएवढाच. नितंबाच्या वरच्या-बाहेरच्या भागाला बोटं लावली तर तिथला स्नायू कडक होताना कळतो. १० ते १५ सेकंद धरायचं, श्वास चालू ठेवायचा, सावकाश सोडायचं. असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. इथे होणारी चूक म्हणजे जोर लावणं. जास्त ढकललं की खिशाच्या जागी, पुढचा-बाजूचा स्नायू काम हिसकावून घेतो आणि मागचा आळशी तो आळशीच राहतो. पुढे ओढ जाणवली की जोर निम्मा करा.

सोबत ब्रिज. उताणं, गुडघे वाकवलेले, टाचा नितंबांपासून वीतभर, पाय खुब्याइतके रुंद. नितंब तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. आठ-आठचे दोन फेरे. मांडीच्या मागे वात आला तर टाचा लांब आहेत, जवळ घ्या. कंबर दुखली तर खूप वर उचलताय, निम्मंच उचला.

तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीवरून उठ-बस: साधी ४५ सेंमीची खुर्ची, सुरुवातीला वर जाड उशी, हात छातीशी, दहा-दहाचे दोन-तीन फेरे. गुडघे आत पडता कामा नयेत. आरशासमोर करा, गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत दिसली पाहिजे. हे नीट जमलं की बाजूला सरकणं: गुळगुळीत फरशीवर एका पायात मोजा, दोन्ही गुडघे थोडे वाकवून मोज्याचा पाय बाजूला सरकवायचा आणि मूळ जागी आणायचा, मध्यरेषेच्या आत नाही. दोन्ही बाजूंनी आठ-आठ. भार स्थिर पायावर असतो, म्हणून दुखरा पाय स्थिर असताना व्यायाम जड जातो. तो फेरा आधी चार वेळांपासून.

सहाव्या आठवड्याच्या पुढे पायरी. घराच्या जिन्याची पायरी साधारण सहा-सात इंच असते, ती सुरुवातीला जास्त होते. चार इंचांचा भक्कम पाट किंवा न हलणारा ठोकळा घ्या, भिंतीला बोटं टेकवा, दुखरा पाय वर, हळू चढा, त्याहून हळू उतरा. आठ-आठचे तीन फेरे, आठवड्यातून तीनच दिवस, मधे एक दिवस सोडून. कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवले तर विरुद्ध बाजू खाली पडते का ते कळतं. पडत असेल तर उंची कमी करा. ओटीपोट एकीकडे झुकवून केलेल्या तीस पायऱ्यांपेक्षा सरळ ठेवून केलेल्या सहा बऱ्या.

दुखण्याचं माप शून्य ते दहा धरा. व्यायाम करताना चारपर्यंत दुखलं तर चालेल. खरी परीक्षा त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी: नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर कालचा डोस जास्त झाला. निम्मा करा, बंद करू नका.

दवाखाना_गल्ली

इंजेक्शनबद्दल. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचे निष्कर्ष आले, नेमके याच दुखण्यावर. २०४ रुग्ण, तीन गट: समजावणं आणि व्यायाम (आठ आठवड्यांत १४ सत्रं, शिवाय घरी रोज), एक स्टिरॉइड इंजेक्शन, आणि नुसतं थांबून पाहणं. आठ आठवड्यांनी स्वतःला बरंच बरं वाटतंय म्हणणारे व्यायामाच्या गटात ७७ टक्के, इंजेक्शनच्या ५८, थांबून पाहणाऱ्यांत २९. वर्षानंतर ७८, ५८ आणि ५२. म्हणजे इंजेक्शन थापा मारत नाही, लवकर आराम देतं; पण वर्षाअखेर थांबून पाहणारेही जवळजवळ तिथेच पोचतात.

तुमच्या आईंच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या. मधुमेहात हे इंजेक्शन घेतलं की साखर काही दिवस वाढते, कधी आठवडाभर. घ्यायचंच ठरलं तर मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी सांगा आणि ते दिवस ग्लुकोमीटरने रोज बघा. दुसरं, टेंडनला छोटा टिअर आहे, त्यामुळे इंजेक्शनमागून इंजेक्शन घेणं शहाणपणाचं नाही. रात्रीची झोपच होत नसेल आणि त्यामुळे व्यायामच जमत नसतील, तर एकदा घेऊन मिळालेल्या आरामाच्या खिडकीत व्यायाम बसवणं हा समजण्यासारखा निर्णय आहे. पण घेतल्यावर दुखत नाही म्हणून लगेच जिने चढायला लागणं, ही नेहमीची घसरण.

आयएफटी, अल्ट्रासाउंडचं म्हणाल तर तात्पुरता उतारा. आणखी दहा सिटिंगचे पैसे त्यात घालण्याऐवजी तेवढ्याच पैशात दर आठवड्याला एकदा कुणीतरी समोर उभं राहून व्यायाम तपासेल असं बघा. यंत्रच हवं असेल तर शॉकवेव्हला (दाबाच्या लहरींचे ठोके देणारं यंत्र) या दुखण्यात थोडाफार आधार आहे, तोही व्यायामाच्या जोडीनेच.

पट्टा_आणि_पायरी

खडीसाखर यांच्याशी सहमत, एक दुरुस्ती. कागदावरचे पहिले दोन व्यायाम उद्देशाने वाईट नाहीत, मांडणीने वाईट आहेत. क्लॅमशेलमध्ये सुरुवातच गुडघ्यावर गुडघा ठेवून होते, म्हणजे वरचा पाय मध्यरेषेच्या आत. कुशीवरून पाय उचलताना तर उचलायच्या आधी तो गादीवर पडलेला असतो. पहिले तीन-चार इंच उचलणं दाबलेल्या टेंडननेच. शिवाय आईंनी दोन्ही बाजू केल्या असणार, म्हणजे निम्मा वेळ दुखऱ्या हाडावर झोपून. पायांमध्ये दोन उशा ठेवून, फक्त डाव्या कुशीवर, उशीपासून वर दोन इंच एवढंच उचललं तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात क्लॅमशेल चालतो. पण उभ्याने करायच्या व्यायामांपुढे त्याचा फायदा थोडाच, म्हणून हट्ट नको.

व्यायामाच्या रबरी पट्ट्याच्या रंगांबद्दल, कारण दुकानात कुठलाही गळ्यात मारतात. थेराबँडचा क्रम पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा. लांबी दुप्पट होईपर्यंत ताणला तर लालला अंदाजे १.७ किलो, हिरव्याला २.१ किलो ओढ लागते. या वयात आणि या दुखण्यात बाजूला पावलं टाकायला लालपासून सुरुवात, तोही गुडघ्याच्या वर बांधून. घोट्याला बांधला की तरफ लांब होते आणि तोच लाल पट्टा निळ्यासारखा जड वाटतो. पट्टा पुन्हा जवळ येताना पाय खेचून मिटू द्यायचे नाहीत; पावलांमध्ये कायम वीतभर अंतर. स्वस्त पट्टे महिन्यात चिरतात, बांधायच्या आधी उजेडात धरून बघा.

आणि काठी. पहिल्या महिन्यात चालताना लंगडणं होत असेल तर लाज न बाळगता काठी, डाव्या हातात. एका पायावर उभं राहिलं की खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट जोर येतो, कारण ओटीपोट सरळ धरायला बाजूचे स्नायू तेवढे ओढत असतात. विरुद्ध हातातली काठी नेमकं त्या स्नायूंचं काम हलकं करते. उजव्या हातात धरलेली काठी फक्त दिसायला आधार. मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर.

ओसरी

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. उशा आजच लावतो. अजून तीन अडचणी. एक, रोज सकाळी पूजेला वीस-पंचवीस मिनिटं खाली मांडी घालून बसते. मांडीत तर पाय बाहेर जातो, आत नाही, मग तेव्हा का दुखतं? दोन, घरी भारतीय पद्धतीचं शौचालय आहे. तीन, सोसायटीत योगवर्ग आहे, तो सोडायला तयार नाही.

खडीसाखर

मांडीचा प्रश्न बरोबर पकडलात. मांडी घालताना खुबा वाकतो, पाय बाहेर उघडतो आणि बाहेरच्या दिशेला फिरतो. तपासताना आम्ही मुद्दाम जवळपास ह्याच स्थितीत पाय ठेवतो, आणि टेंडनचं दुखणं असेल तर बाहेरच्या बाजूला दुखतं, कारण फिरवल्यामुळे टेंडनचे पुढचे धागे ताणले जातात. म्हणजे दाब फक्त पाय आत गेल्यानेच येतो असं नाही. शिवाय मांडीतून उठताना एका गुडघ्यावर भार देऊन वळून उठतो, तो क्षण बसण्यापेक्षा वाईट. सहा-आठ आठवडे पूजा स्टुलावर बसून, समोर देव चौरंगावर उंच घेऊन. देवाची हरकत नसते, आईंची असते, ती तुम्ही बघा. नंतर जाड पाटावर किंवा १०-१५ सेंमी उंच घडी घातलेल्या गोधडीवर पाच मिनिटांपासून. आणि एका बाजूला दोन्ही पाय दुमडून बसणं, हळदीकुंकवाला बसतात तसं, ते मांडीपेक्षाही वाईट. एक खुबा पूर्ण आत.

शौचालयात उकिडवं बसणं पाय रुंद ठेवले तर बऱ्याच जणींना चालतं. त्रास उठताना होतो. भिंतीत पकडायला दांडी बसवा, बसल्यावर हाताला लागेल आणि उठताना ओढता येईल अशी, ड्रिलने पक्की. टॉवेलच्या रॉडवर भरवसा नको. सकाळी उठल्यावर फार दुखत असेल तर औषधाच्या मोठ्या दुकानांत घडीची कमोड खुर्ची मिळते, तीन महिन्यांसाठी पुरे.

योगवर्ग सोडू नका, आसनं निवडा. गोमुखासन, गरुडासन, वक्रासन, अर्धमत्स्येंद्रासन यांत गुडघा मध्यरेषा ओलांडतो, ही चार सध्या वर्ज्य. कपोतासनाच्या नावाखाली पुढचा पाय दुमडून त्यावर झोपणंही. ताडासन, सेतुबंधासन (म्हणजे आपला ब्रिजच), उत्कटासन पाय खुब्याइतके रुंद ठेवून, भिंतीला धरून वीरभद्रासन दोन: उपयोगी. वृक्षासन शेवटी, तेही भिंतीशी, आणि उजव्या पायावर उभं राहताना खुबा बाहेर ढकलला जात नसेल तरच. 'ताण सहन करा, मोकळं होईल' म्हणणाऱ्या शिक्षिकांना सांगायचं, की हा स्नायू आखडलेला नाही, अशक्त आहे.

रातराणी_७

विषयाला धरूनच विचारते. नवऱ्याला (वय ४२) डाव्या खुब्यात दुखतं, पण पुढून जांघेत. दोन महिने झाले. मोजे घालताना पाय वर घेता येत नाही. वरचेच व्यायाम चालतील का?

दवाखाना_गल्ली

नाही, आणि हे सगळ्यांनीच वाचा. बाहेरच्या बाजूचं दुखणं आणि जांघेतलं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरच्या टेंडनच्या दुखण्यात माणूस मोजे-बूट सहसा नीट घालतो. ते जमत नाही आणि दुखणं जांघेत आहे, तर बिघाड सांध्यात असण्याची शक्यता मोठी.

चाळिशीच्या पुरुषात पहिली शंका एव्हीएनची, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं. पूर्वी कधी जास्त दिवस स्टिरॉइड घेतलंय का (दमा, त्वचारोग, कोविडच्या वेळी), दारू नियमित आहे का, सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का, हे विचारा. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेलचं प्रमाण मोठं आहे, तिथल्या तरुणाच्या जांघेतल्या दुखण्यात हा प्रश्न विसरून चालत नाही. सुरुवातीचा एव्हीएन एक्स-रेवर दिसत नाही, एमआरआयवर दिसतो. 'एक्स-रे नॉर्मल, व्यायाम करा' एवढ्यावर थांबू नका. आणि एमआरआय दोन्ही खुब्यांचा काढा, कारण हा पुष्कळदा दोन्हीकडे असतो. निदान होईपर्यंत धावणं, उड्या, जड उचलणं बंद. सायकल-पोहणं दुखत नसेल तर चालेल.

घरच्या घरी एक बघता येईल: उताणं झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवा, मांडी स्थिर धरून पाऊल बाहेरच्या दिशेला न्या. म्हणजे खुबा आत फिरतो. दुसऱ्या बाजूपेक्षा हे फिरणं स्पष्ट कमी आणि जांघेत दुखत असेल तर आठवड्याच्या आत अस्थिरोगतज्ज्ञ.

न थांबता लगेच दाखवायच्या गोष्टी वेगळ्या: ज्येष्ठ माणूस पडल्यावर खुब्यात दुखून पायावर भार देता न येणं (चालता आलं तरी फ्रॅक्चर असू शकतो), ताप आणि खुबा हलवताच न येणं, रात्री वाढतं दुखणं आणि वजन उतरणं, जुना क्षयरोग, दोन्ही पायांत कमजोरी किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं. हाडं ठिसूळ म्हणून वर्षानुवर्षं अलेंड्रोनेटसारख्या गोळ्या घेणाऱ्या बाईच्या मांडीत नवीन ठणका सुरू झाला तर मांडीचा पूर्ण एक्स-रे. तिथे व्यायाम वाढवणं धोक्याचं.

रातराणी_७

दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या, दोन-तीनदा. उद्याच नंबर लावते.

ओसरी

शेवटचं. चालणं किती, आणि मधेच दुखणं उसळलं तर काय करायचं? आईला 'आज बरं वाटतंय' म्हटलं की ती सगळी कपाटं आवरायला काढते.

पट्टा_आणि_पायरी

कपाटं आवरणं हाच बहुतेकींचा खरा आजार. बरं वाटलेल्या दिवशी चौपट काम, मग तीन दिवस पडून, आणि टेंडनला ह्या दोन्ही टोकांचा राग.

चालण्यासाठी तीन दिवस फोनवर पावलं मोजा. ज्या दिवसानंतरची रात्र नेहमीसारखी गेली, तो आकडा पाया. समजा एका दमात १,२०० पावलं. आठवडाभर तेवढीच, दिवसातून दोनदा. पुढच्या आठवड्यात दहा टक्के. पावलं छोटी, थोडी रुंद. फॅशन शोसारखी एका रेषेत नकोत, त्या चालीत प्रत्येक पावलाला पाय मध्यरेषेवर येतो. रस्त्याच्या कडेला उतार असतो, तिथे उंचाकडच्या बाजूचा खुबा जास्त चेपला जातो. मैदान किंवा सपाट आवार बघा, नाहीतर येता-जाता बाजू बदला. टेकडी, पूल, जिने सहा आठवड्यांनंतर. तोवर जिना चढताना कठडा धरून चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

एक वही करा. रोज चार आकडे: रात्री किती वेळा जाग आली, सकाळच्या पहिल्या दहा पावलांना दहापैकी किती दुखलं, एकूण पावलं, व्यायामाचे फेरे. दुखण्याचा एकटा आकडा रोज लिहिला की माणूस दुखण्याकडेच बघत बसतो. जाग येण्याचा आकडा उतरताना आणि पावलांचा चढताना दिसला की धीर येतो. दर पंधरा दिवसांनी एक कसोटी: भिंतीला एक बोट टेकवून उजव्या पायावर उभं राहायचं, बाहेरचं दुखणं सुरू होईपर्यंत सेकंद मोजायचे. तीस सेकंद न दुखता निघाले की पायरीचा टप्पा खऱ्या अर्थाने सुरू. चार इंच, मग सहा, मग आठ. एकेका उंचीवर कमीत कमी दोन आठवडे.

उसळलं तर पायरी आणि बाजूला सरकणं तीन-चार दिवस बंद, पट्टा लावून ढकलायचा पहिला व्यायाम चालूच, चालणं निम्मं, बर्फ किंवा शेक यातलं जे बरं वाटेल ते दहा-पंधरा मिनिटं. मधुमेहात शेकाची पिशवी आधी तुमच्या हाताला लावून बघा, टॉवेल गुंडाळूनच द्या. पाचव्या दिवशी एक पायरी खालच्या टप्प्यापासून पुन्हा. वहीत मागच्या दोन दिवसांत काय वेगळं झालं ते शोधा: लग्नात तीन तास उभं राहणं, बसचा लांबचा प्रवास, खाली बसून पापड लाटणं. कारण बहुतेक वेळा व्यायामात सापडत नाही.

आठ आठवडे हे सगळं नीट होऊनही रात्रीची झोप सुधारली नाही, किंवा उजव्या पायावर उभं राहिल्यावर डावी बाजू सरळ खाली पडत असेल आणि ताकद येतच नसेल, तर टिअर वाढलाय का ते बघायला पुन्हा डॉक्टरांकडे. नाहीतर बारा आठवडे धरून चला, आणि बरं वाटल्यावरही आठवड्यातून दोनदा पायरी आणि ब्रिज चालू ठेवा. कपाटं एका दिवशी एकच, खालचा कप्पा तुम्ही आवरा.

ओसरी

वही आणली. पाट मोजला, साडेतीन इंच भरतो, त्याच्याखाली अर्ध्या इंचाची फळी ठोकून घेतोय.

पट्टा_आणि_पायरी

फळी पाटाएवढीच रुंद घ्या, कडेला मोकळी राहिली तर पाट कलतो. आणि खाली रबराची चटई, फरशीवर पाट सरकतो.